बिनअळीच्या वांग्यांचा हंगाम

मार्गशीर्ष लागला की मला वांग्यांचा संशय येऊ लागतो. इतर माणसांना या दिवसांत थंडी वाजते, हुरड्याची आठवण येते, कुणाचे गुडघे कुरकुरतात. मी मात्र भाजीच्या गाड्यासमोर उभा राहतो आणि फौजदारानं ओळखपरेड घ्यावी तसा एकेका वांग्याच्या तोंडाकडं बघतो. देठ धरून उलटं करतो, नखानं टोचतो, नाकाला लावतो. आमचा भाजीवाला पहिल्या वर्षी हसला, दुसऱ्या वर्षी वैतागला, आणि आता मी लांबून दिसलो तरी ओरडतो, "आले बगा आमचे सीआयडी!" ओरडू दे. ज्या माणसानं आयुष्यात एकदा निष्पाप चेहऱ्याची शंभर झाडं वांगी पाहिली आहेत, त्याला तुकतुकीत कातडीचं कौतुक वाटत नाही. मग ती वांग्याची असो की पुढाऱ्याची.

यंदा तर संशय घरातच आला. सूनबाईंनी गच्चीवर बाग केली आहे. अर्धे कापलेले निळे पिंप, त्यात पालापाचोळ्याचं खत, त्यावर मेथी, टोमॅटो, वांगी. बागेला त्या 'विषमुक्त' म्हणतात, आणि आल्यागेल्याला इतक्यांदा सांगतात की ऐकणाऱ्याला उलट शंका यावी. परवा संध्याकाळी सोसायटीत डासांचा धूर सोडणारं यंत्र आलं. खाली फटफट सुरू झाली आणि पांढरा ढग जिन्याजिन्यानं वर चढत, आगाऊ पाहुण्यासारखा चपला न काढता थेट गच्चीवर. सूनबाई जुन्या साड्या घेऊन धावल्या, पिंपांवर पांघरूण घातलं, खोकल्या, रडकुंडीला आल्या. धूर विरल्यावर एका वांग्यावरून बोट फिरवून त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "बाबा, धुतलं की जाईल ना हो हे?"

उत्तर देण्याऐवजी मी पायऱ्या उतरून खाली आलो. खाली उतरलो तो थेट पन्नास वर्षं खाली.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. रहाटणीत तेव्हा माणसं कमी आणि वांगी जास्त. पवनेवरून वारा सुटला की वांग्याच्या पानांची ती लवदार, खरखरीत, किंचित कडू हवा गावात शिरायची. आंधळ्या माणसालासुद्धा कुणाच्या वाफ्यात किती फुलं धरली ते चालता चालता कळायचं. आमच्याकडं एक असा म्हातारा होता. तो वासावरून वांगी मोजायचा आणि शंभराला दोन-तीनच चुकायचा. आता तिथं इमारती आहेत. लिफ्टमधून वर जाताना मला अजून वाटतं, दुसऱ्या मजल्याला मोटेची धाव लागेल, चौथ्याला आंब्याचा शेंडा.

मी तेव्हा नुकताच लग्न होऊन शहाणा झालो होतो. गावाचं म्हणणं उलट होतं. घरात सत्ता माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीची, सोनाआत्याची. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती घरात आलीच नाही, सरळ मळ्यात उतरली. घरी फक्त जेवायला आणि आम्हाला बोलायला यायची. तिनं डोळे वटारले की वाफ्यातलं तण आपलं आपण उपटून बांधावर जाऊन बसायचं. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. माझ्या बायकोनं पाहिलेलं नाही, पण ती उशिरा उठायची.

आत्याच्या मळ्यात एक वाफा देवाचा होता. आमचं सगळं गाव खंडोबाचं. आषाढातल्या एकादशीला वांगं आणि कांदा बंद होतो तो मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला सुटतो. पाच महिने जीभ उपाशी ठेवायची आणि त्या दिवशी देवाला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत दाखवून मग अख्ख्या गावानं तुटून पडायचं. त्या भरताची वांगी आमच्या मळ्यातली आणि ती भाजायची सोनाआत्यानं, हा मान. आश्विनात ती शंभर रोपं लावायची, षष्ठीच्या मापानं. त्यातलं पहिलं वांगं षष्ठीच्याच सकाळी तुटायचं. तोवर कुणी चाखणं सोडाच, त्याच्याकडं बघून गिळलेला आवंढासुद्धा आत्याला ऐकू जायचा. हा मान पूर्वी शेजारच्या मळ्यातल्या दौलतनानाच्या घरी होता म्हणतात. तो आमच्याकडं कसा आला याच्या गावात चार कथा होत्या. त्यातल्या तीन मी रचलेल्या.

किडीला आत्याकडं एकच औषध, राख. चुलीतली शेणकुटाची राख ती चाळून गोठ्यातल्या एका पोत्यात भरून ठेवायची. भांड्यांची राख वेगळी, झाडांची वेगळी. झाडांच्या पोत्याला हात लावण्याची कुणाची छाती नव्हती. कार्तिकातल्या पहाटे पानांवर दव असताना ती विरलेल्या लुगड्याच्या फडक्यात राख बांधायची आणि वाफ्यातून चालत चालत त्या पुरचुंडीवर काठीनं हलके टोले द्यायची. टप. टप. टप. राखेचा धूसर ढग तिच्या गुडघ्याशी उठायचा आणि ओल्या पानांवर बसायचा. नदीचं धुकं वरून, राखेचं धुकं खालून, मध्ये आत्याची निळी चोळी. तो आवाज ऐकत मी अंथरुणात आणखी एक झोप काढत असे. त्याहून गोड झोप मला पुढं कधी लागली नाही, आणि त्या वर्षानंतर तर तो आवाज नुसता आठवला तरी झोप उडते.

त्या आश्विनात हिवतापाची फवारणीवाली माणसं गावात आली. खाकी कपडे, बादल्या, हातपंप. आम्ही मडकी, धान्य, देव, सगळं अंगणात काढलं आणि त्यांनी भिंतीवर पांढरं पाणी मारलं. जाताना दारावर गेरूनं तारीख लिहिली. घरभर एक वास राहिला. गोडसर, कोरडा, दवाखान्याच्या उंबऱ्यासारखा. दुसऱ्या दिवशी माशा खाली पडल्या होत्या, इतक्या की बायकोनं त्या सुपानं भरल्या. डास गेले. चार दिवसांनी आमची मांजर अंग चाटता चाटता लटपटली आणि चुलीमागं जाऊन मेली. आत्यानं मांजरीला हातात घेतलं, तिचे पंजे हुंगले आणि जाहीर केलं, "भितीवं मारलं ते मारलं. ह्याउप्पर ह्ये पांढरं इख माज्या घरात दिसलं, तर आननाऱ्याला त्याच भितीला चिकटवीन."

पण ढेकूण! त्या फवाऱ्यानं आमचे ढेकूण मेले नाहीत, चेकाळले. त्यांची अंगं मी काय सांगू. एका पहाटे मी जागा झालो तर बाज दोन हात पुढं सरकलेली. बायको म्हणाली, तुम्हीच लाथा झाडल्या. पण मला माझ्या लाथांची ताकद ठाऊक आहे. शेवटी मी फवारणीच्या तुकडीतल्या खेडकडच्या एका माणसाला गाठलं, त्याच्या धोतराच्या सोग्यात भाजल्या शेंगा ओतल्या आणि ते पाण्यात कालवायचे त्या पांढऱ्या पावडरीची एक पुडी मिळवली. देताना तो म्हणाला, "राव, खान्यापिन्यापासनं लांब ठेवा. आन् हात धुवा." मी म्हणालो, "मला शिकवता?" अर्धी पावडर बाजेच्या सुतळीत, फटींत कोंबली. उरलेली आत्याच्या नजरेपासून लपवली. कुठं, ते पुढं येईल. कारण नंतर दिवाळी आली, पाहुणे आले, आणि मी स्वतःच ते साफ विसरलो.

मार्गशीर्ष उगवला तेव्हा देवाचा वाफा असा दिसत होता की वाटसरू पायवाट सोडून बघायला यायचे. पिंपरीचा एक व्यापारी नदी ओलांडून आला आणि नुसता उभा राहिला. एकेक वांगं जांभळं, भरदार, आरशासारखं. त्यात बघून मी मिशा कापल्या आहेत. पानांना एक भोक नाही. शेंड्यांना मर नाही. मी छाती काढून गावभर फिरलो. आत्या मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. ती वाफ्यात उकिडवी बसायची आणि पानं उलटी करून बघत राहायची, जसं काही तिचं कुणीतरी तिथं हरवलं होतं.

षष्ठीला चार दिवस असताना तिनं नेम मोडला. एक वांगं तोडलं, तिथंच विळ्यानं उभं चिरलं. आत पांढरंशुभ्र. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. दहा वांगी तिनं मातीत चिरून टाकली आणि एकातही अळी निघाली नाही.

"मग चांगलंच की आत्या," मी म्हणालो.

"चांगलं?" तिनं वर बघितलं. "तीस वर्सं वांगी लावते मी. धा वांग्यांत तीन त्यांची, सात आपली, ह्यो करार ठरल्याला हाय. औंदा त्यांनी आपला वाटा का सोडला? ज्या घरात अळी राहत न्हाई, त्या घरात मानसानं काय म्हनून शिरावं?"

मग मलाही ऐकू आलं. म्हणजे ऐकू येईना. वांग्याच्या फुलांवर एरवी काळे भुंगे घुमतात, सकाळभर त्यांचा घुमारा मळ्यात पाण्याच्या पाटासारखा वाहत असतो. तो नव्हता. जांभळी फुलं तोंड उघडून बसली होती आणि त्यांच्याकडं कुणी येत नव्हतं. पाट आटला की जशी शांतता होते तशी. दुपारी आमची तुरेवाली कोंबडी वाफ्यातून बाहेर आली ती पाय ओढत. मान थरथर, पंख थरथर, थंडी भरलेल्या माणसासारखी. बायकोनं तिला पोत्यावर ठेवलं, चोचीत पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत ती गार पडली.

गावाला संशय फुटायला वेळ लागत नाही. तो आमच्याकडं बाराही महिने पिकतो. कुणी म्हणालं पिंपरीकडं नवा कारखाना बांधतायत, त्याच्या धुरानं झालं. त्या कारखान्याची तेव्हा नुसती भिंत उठत होती, धुराड्याच्या विटा अजून भट्टीत होत्या. तरी चार जणांनी त्या न झालेल्या धुराड्याचा धूर डोळ्यांनी पाहिला होता. कुणी म्हणालं नदीच्या पाण्यात काही सोडलंय. बायका एकमेकींच्या मळ्यातली मेथी घेईनाशा झाल्या. पाण्याची घागर भरली की आधी उन्हात धरून बघायची, ही रीत त्याच आठवड्यातली. लोक ताकाकडंसुद्धा तिरके बघायला लागले.

आणि मी? मी मारुतीच्या पारावर बसून गुन्हेगार शोधून काढला. दौलतनाना. मान त्यांच्याकडून आमच्याकडं आलेला. आमची वांगी बाद झाली तर तो कुणाकडं जाणार? मी शपथेवर सांगितलं की नाना पहाटेचे आमच्या बांधावर उभे होते आणि त्यांच्या हातात पुडी होती. "केवढी?" कुणीतरी विचारलं. मी हात पसरले. माझे हात पसरले की सहसा थांबत नाहीत. त्या दिवशी ते गव्हाच्या पोत्यापर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर नानांनी मला गाठलं. अंगानं काटकुळा, आवाजानं मऊ माणूस. मऊ आवाजाची माणसं मला आजही संशयास्पद वाटतात.

"म्हादूराव, जरा थांबा."

"काय म्हनता नाना?"

"म्हननार तुमी. आमी निस्तं ऐकतुया. काल पाराव काय सांगितलंस? दौलत्या पहाटंचा बांधाव हुबा व्हता."

"व्हताच की."

"व्हतो. अर्दा बांध माजा हाय त्यो. म्होरं?"

"हातात पुडी व्हती."

"पोत्याएवढी?"

मी विहिरीत बघितलं. विहिरीतला मी वर बघत होता, त्याला विचारून उपयोग नव्हता.

"पोत्याला पुडी कोन म्हनतं रं?" नानांनी कनवटीची चंची काढून माझ्या नाकासमोर धरली. तंबाखूचा उग्र वास आला. "ही बग पुडी. ईस वर्सं रोज पहाटं बांधाव बसून तंबाखू मळतो आन् तुज्या आत्याची राख उडताना बगतो. धुक्यात बरं दिसतं. तेवढाच गुन्हा हाय माजा. लिव्हून घे."

ते गेले. मी तिथंच उभा राहिलो. पुडी. राख. पुडी. राख. आत्या सगळं घर हुडकेल, कणगी उपसेल, पण स्वतःच्याच पोत्यात कशाला बघेल, असं मी आश्विनातल्या त्या दुपारी स्वतःशी म्हणालो होतो आणि माझ्या अकलेवर खूश होऊन हसलो होतो.

गोठ्यात पळालो. राखेच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. पोतं तळाशी येत चाललं होतं. बोटांना कागद लागला. ओला होऊन, वाळून, फाटून चिंधी झालेला. त्यात काही नव्हतं. राख नाकाशी नेली. शेणकुटाच्या धुरकट वासाखाली तो दुसरा वास होता, गोडसर, कोरडा. मी तो कागद खिशात घातला आणि म्हशीच्या शेजारी बसलो. अख्खा कार्तिक, रोज पहाटे, टप, टप, टप. आत्यानं ते पांढरं इख स्वतःच्या हातानं, स्वतःच्या लुगड्याच्या फडक्यातून देवाच्या वाफ्यावर धुरळलं होतं. आणि मी ते ऐकत झोपा काढल्या होत्या.

खरं सांगायचं तर त्या म्हशीशेजारी मी गप्प बसायचंच ठरवलं होतं. कागद जाळला की संपलं. लोक कारखान्याला शिव्या देतील, नानांना देतील, वांगी धुऊन घेतील, भाजल्यावर साल तर काढतातच. मेलीच तर कोंबडी मेली. माणूस कोंबडीपेक्षा मोठा असतो. हा हिशेब मी इतक्या वेळा केला की म्हशीनंसुद्धा मान फिरवली.

षष्ठीच्या आदल्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर गाव जमलं. एकच प्रश्न, उद्याचं भरीत या वांग्यांचं करायचं की नाही. केलं आणि कुणाला काही झालं तर? नाही केलं तर आमचा मान गेला, आणि देवाचा रोडगा भरतावाचून कोरडा. आत्या खांबाला टेकून बसली होती. तिच्या पुढ्यात टोपलीत ती दहा चिरलेली वांगी, आता काळी पडलेली.

"धुवून घ्यू की चांगली, चिचंच्या पान्यानं," एकानं सुचवलं.

"आदी देवाच्या कुत्र्याला घालू," दुसरा म्हणाला. "त्याला तसाबी पयला घास असतोय. त्ये टिकलं तर आपुन बसू."

गुरव उठूनच उभा राहिला. "देवाच्या कुत्र्याव इख आजमावता व्हय रं? तुज्या सासऱ्याला घाल की आदी!"

हशा झाला. कुणीतरी दौलतनानांकडं बघून बोललं, "ज्यानं केलं त्यालाच खायाला घाला." नाना खाली बघत चंचीची दोरी गुंडाळत राहिले. त्यांची बायको काशीबाई बायकांत बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी सुटलेली होती. त्या दोन मोकळ्या जागा मला बघवल्या नाहीत. मी उठलो.

"नानांनी काय केल्यालं न्हाई. पावडर मी आनली. ढेकनासाठी. पुडी राखंच्या पोत्यात लपवली, ती फाटली. मीच केलं."

 मग सगळा ओटा हसला. इतका हसला की पिंपळावरची पाखरं उडाली.

"बसा म्हादूराव! ढेकनांची गोष्ट मागल्या म्हयन्यात झाली!"

"बाज चालत कुठवर गेल्ती, सांगा की!"

"आत्याचा मान वाचवाया घोड्यावं बसलाय गडी!"

मी खिशातला कागद काढून दाखवला. तो म्हणे कुठलाही कागद असू शकतो. मी शपथ घेतली. त्यावर तर दोन जण लोळले. आयुष्यभर मी त्यांना खोटं ऐकवलं होतं आणि त्यांनी ते आवडीनं खाल्लं होतं. आता पहिल्यांदा खरं वाढलं तर कुणी पत्रावळ पुढं करेना. हसले नाहीत फक्त दोघं. एक दौलतनाना. दुसरी आत्या.

"केवढी पुडी?" आत्यानं विचारलं.

ओटा परत खुसखुसला; त्यांना माझे हात पसरलेले बघायचे होते. सवयीनं ते निघालेही होते. मी ते मागं ओढले. एक हात पाठीशी धरला आणि दुसऱ्याची मूठ करून तिच्यासमोर नेली.

"एवढी. त्यातली अर्दी बाजंला लागली. अर्दी ऱ्हायली."

आत्या त्या मुठीकडं बघत राहिली. आजवर मी तिला नागाची लांबी सांगितली होती, पुराची उंची सांगितली होती, मुलगी बघून आल्यावर तिच्या केसांचा शेपटा सांगितला होता. खऱ्याच्या मापाचं काही कधी सांगितलं नव्हतं. खुसखुस आपोआप थांबली. तिनं हळूच स्वतःचे दोन्ही तळवे उलटे केले. राखेनं भेगाळलेले, रेषारेषांत करडे. त्यातलं एक बोट तिनं दुसऱ्या हातानं पुसलं, मग परत पुसलं.

"म्हंजी माज्याच हातानं," ती म्हणाली.

मला वाटलं ती मारेल. तिनं मारलं असतं तर मी आज हा लेख लिहायला बसलो नसतो. मार खाल्लेलं माणूस विसरतं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला. झाडं उपटायचीत."

शंभर झाडं उपटायला दुपार झाली. तिनं एकाही बाईला हात लावू दिला नाही; मी आणि ती, दोघंच. पाला गाईम्हशींना नाही. नदीत नाही, विहिरीच्या अंगाला नाही. लांब माळावर, जिथं पाणी ठरत नाही आणि जनावर चरत नाही, तिथं मी खड्डा खणला. आत जाताना ती वांगी उन्हात इतकी सुंदर दिसत होती की माती लोटताना माझा हात अडखळला. मी म्हणालो, वाफ्याला पाणी सोडून धुऊन काढू. आत्या म्हणाली, "धुतल्यालं पानी कुठं जाईल? आपल्याच हिरीत की." मग आम्ही वाफ्याची वीतभर माती खरवडली आणि तीही माळावर नेली. पोत्यातली उरलेली राख नेली. ते फडकं नेलं. त्या वाफ्यात तिनं पुढं तीन वर्षं खाण्याचं काही लावलं नाही. तीनच का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. ते किती दिवस मातीत राहतं हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं, आणि जे सांगायचे त्यांचा आम्हाला संशय यायचा.

तिन्हीसांजेच्या आधी आत्या हातपाय धुऊन, रिकामी टोपली घेऊन दौलतनानांच्या दारात गेली. मागं मी. त्या उंबऱ्यावर ती माझ्या जन्मापासून चढली नव्हती.

"दौलत, वांगी दे. उद्याला लागतात."

नाना उठून उभे राहिले. "आत्या, माजी बरी न्हाईत. किडकी हायेत निम्मी."

"बरं हाय," आत्या म्हणाली. "तीच दे."

नानांनी टोपली भरली. भरताना एकेक वांगं ते तिला दाखवत होते. हे भोक, हे भोक, ह्यात दोन. आत्या मान हलवत होती, जणू बस्त्याचं कापड पसंत करत होती. मग नाना म्हणाले, "वांगी माजी असली तरी भाजायची तुमी. मान मोडायला नगं."

"न्हाई. मान वांग्यासंगं जातोय. काशी भाजंल." ती काशीबाईकडं वळली. "लई जाळू नगंस. आन् देठ काढू नगंस, उचलायला लागतो."

एवढं बोलून ती निघाली. माझ्याबद्दल नानांपुढं ती एक शब्द बोलली नाही. मीच मागं थांबलो, काहीतरी म्हणायचं म्हणून. नानांनी चंची पुढं केली. मी तंबाखू खात नव्हतो. खाल्ली. घेरी येऊन तिथंच बसलो.

षष्ठीचं ऊन कोवळं होतं. गोवऱ्यांच्या आरावर वांगी फुसफुसत होती, सालं तडकत होती, आणि तो वास, जळक्या सालीचा, लसणीचा, कच्च्या तेलाचा, पाच महिन्यांच्या उपाशी जिभांवरून देवळाभोवती फिरत होता. भंडारा उधळला. नैवेद्य झाला, कुत्र्याचा घास झाला. पहिल्या पंगतीत बसायचं ते बाप्यांनी, ही रीत. पण नाना म्हणाले, आज पहिली सोनाआत्या बसेल. तीस वर्षं ती आराजवळ बसून दुसऱ्यांना वाढत आली होती. पत्रावळीसमोर कसं बसायचं हेच तिला समजेना. तिनं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं. काशीबाईनं रोडगा मोडून ठेवला, त्यावर भरीत, वर तेलाची धार.

आत्यानं घास केला. तोंडापर्यंत नेला. थांबली.

सगळं गाव थांबलं. काशीबाईच्या हातातली पळी हवेत राहिली.

"म्हादू, इकडं यं," आत्या म्हणाली. तिनं तो घास माझ्या तोंडासमोर धरला. "तू खा आदी."

कुणी हसलं नाही. मी खाल्ला. तो करडा, भेगाळलेला हात माझ्या ओठांना लागला. मीठ किंचित कमी होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती. ती माझ्या डोळ्यांत बघत राहिली. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण मी वाढवून सांगेन. मग तिनं दुसरा घास केला आणि खाल्ला. मागं पंगत बसली, पळ्या हलल्या, गोंगाट झाला.

मान आमच्याकडं परत आला नाही. आत्यानं मागितला नाही, आणि काशीबाईचं भरीत चांगलं व्हायचं. पण त्या दिवसापासून आत्यानं ताटावर बसल्यावर माझ्याकडं बघितल्याशिवाय पहिला घास घेतला नाही. सण असो, शिळी भाकरी असो. मी आधी एक तुकडा तिच्या ताटातला मोडायचा, चावायचा, गिळायचा. मग ती जेवायची. नवीन सुना गालात हसायच्या. पोरं विचारायची. ती कधी बोलली नाही, मीही नाही, आणि इतक्या गोष्टी सांगूनही ही एक मी पारावर कधी सांगितली नाही.

असं एकोणीस वर्षं. शेवटी ती अंथरुणाला खिळली तेव्हा माझी बायको वाटीत तांदळाची पेज घेऊन गेली. आत्यानं तोंड मिटून घेतलं. बायकोनं समजावलं, रागावली, चमचा ओठांना लावला. आत्याचे डोळे दाराकडं. बायकोनं मला मळ्यातून बोलावून आणलं. मी पायही न धुता तिच्या उशाशी बसलो, वाटी घेतली आणि तिला दिसेल असा एक घोट घेतला. ती बघत होती. मी गिळला. मग तिनं तोंड उघडलं.